लठ्ठपणामुळे रोजच्या जगण्यातले काय सुटले? सहभागाचे मूल्यमापन करण्याची पद्धत

लठ्ठपणाची तपासणी म्हटली की वजनकाटा, उंचीची पट्टी आणि कमरेभोवतीचा टेप डोळ्यांपुढे येतो. ही साधने हवीतच. पण त्यांतून मिळणारा आकडा त्या माणसाचा दिवस कसा जातो याविषयी फार थोडे सांगतो. ९५ किलो वजनाची एक बाई दोन बस बदलून रोज कामाला जाते आणि घरी येऊन सगळा स्वयंपाक करते. तेवढ्याच वजनाची आणि उंचीची दुसरी बाई दवाखान्याखेरीज कुठल्याही कारणाने जिना उतरत नाही. दोघींच्या कागदावर आकडा एकच, म्हणून सल्लाही एकच लिहिला जातो, आणि दुसऱ्या बाईला त्याचा काही उपयोग होत नाही. ऑक्युपेशनल थेरपीचे (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचाराचे) काम करताना हा प्रसंग इतक्यांदा पाहिला आहे, की मूल्यमापनाची पद्धत सविस्तर लिहावी असे वाटले. लेख मुख्यतः थेरपिस्ट, समुपदेशक आणि वैद्यकीय समाजसेवक यांच्यासाठी आहे. मात्र घरच्या माणसाला समजून घेऊ पाहणाऱ्यांनाही त्यातला बराच भाग वापरता येईल.

आधी एक भेद पक्का करून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या ‘आयसीएफ’ या वर्गीकरणात आजाराचा परिणाम शरीर, क्रिया आणि सहभाग अशा तीन स्तरांवर पाहिला जातो आणि त्यांच्या जोडीला परिसराचा आणि व्यक्तीच्या स्वतःच्या परिस्थितीचा विचार केला जातो. गुडघा पूर्ण न वाकणे ही शरीराची गोष्ट, मांडी घालून बसणे ही क्रिया आणि पंगतीत सगळ्यांबरोबर बसून जेवणे हा सहभाग. एका स्तरावरची अडचण दुसऱ्या स्तरावर जशीच्या तशी उतरत नाही, आणि मूल्यमापनाचे खरे काम याच फटीत आहे. या विचाराला आता वैद्यकीय व्याख्यांचीही जोड मिळाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ‘क्लिनिकल ओबेसिटी’, म्हणजे आजार ठरणारा लठ्ठपणा, ठरवताना अवयवांवरील परिणामांबरोबर रोजच्या कामांत येणारी लक्षणीय मर्यादा हाही निकष धरला. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनी सुचवलेल्या दोन टप्प्यांच्या वर्गीकरणातही दैनंदिन व्यवहारांवर परिणाम झाला आहे की नाही, हे पाहण्यास सांगितले आहे. व्याख्येत हा निकष आला, तरी तो तपासायचा कसा हे प्रत्येकाला आपापल्या खोलीत बसूनच ठरवावे लागते.

पायरी १ : खोली, खुर्ची आणि शब्द

मूल्यमापन पहिल्या प्रश्नापासून नव्हे, तर माणूस दारातून आत येतो तेव्हापासून सुरू होते. खुर्चीत बसण्याआधी तिच्या पाठीवर हात टेकून जोर पाहणारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत. कधी तरी, कुणाच्या तरी लग्नात प्लॅस्टिकची खुर्ची खाली गेलेली असते आणि चारचौघांत झालेली ती फजिती ते विसरलेले नसतात. म्हणून खोलीत किमान एक रुंद, भक्कम आणि बिनहाताची खुर्ची असावी. वजनकाट्याची क्षमता आधी पाहून ठेवावी, कारण घरगुती काटे बऱ्याचदा १५० किलोंच्या आतच थांबतात आणि काट्यावर चढल्यावर तो चालत नाही असे कळणे फार अपमानकारक असते. वजन आडोशाला घ्यावे आणि आकडा मोठ्याने उच्चारू नये. रक्तदाब मोजताना दंडाचा घेर पाहून पट्टा निवडावा. अरुंद पट्ट्याने रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

शब्दांचीही तेवढीच काळजी घ्यावी. ‘लठ्ठ रुग्ण’ असे लिहिण्यापेक्षा ‘लठ्ठपणा असलेली व्यक्ती’ असे लिहावे आणि बोलताना ‘वजनाविषयी बोललो तर चालेल का?’ असे विचारून मगच विषय काढावा. पहिली मुलाखत शक्यतो त्या व्यक्तीशी एकांतात घ्यावी. नवरा, सासू किंवा मुलगा शेजारी असला की उत्तरे तेच देतात, आणि ‘तिला काही होत नाही हो, आळस आहे नुसता’ हे वाक्य एकदा पडले की पुढचे खरे काही हाती लागत नाही.

पायरी २ : शरीराची नोंद

ही नोंद थोडक्यात, पण काही जागी न संकोचता घ्यावी. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरण्याची शिफारस २००९ पासून आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपर्यंत असावा असे मानले जाते. हे लिहून झाल्यावर सांधेदुखी, चालताना लागणारी धाप, झोप, त्वचा, लघवी आणि मनःस्थिती या सहा गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात, कारण सहभाग तुटण्याची मुळे बहुतेक वेळा यांतच असतात. दिवसा डुलक्या येत असतील आणि रात्री घोरणे फार असेल, तर झोपेतल्या श्वासरोधाची शंका घेऊन तपासणीला पाठवावे. बैठकीत किंवा गाडी चालवताना झोप लागणाऱ्या माणसाला ‘उत्साह नाही’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली घामाने होणारी खाज आणि जखम हे उन्हाळ्यात घराबाहेर न पडण्याचे सरळ कारण असू शकते.

खोकताना किंवा उठताना लघवी सुटते का, हा प्रश्न तर स्पष्टपणे आणि प्रत्येकीला विचारावा. आपणहून हे क्वचितच कुणी सांगते. एसटीचा प्रवास, लग्न, सहल, सिनेमा असे सगळे बंद होण्यामागे हे एकच कारण असू शकते, आणि कागदावर मात्र ‘आवड राहिली नाही’ असे लिहिले जाते.

पायरी ३ : कालचा दिवस आणि सुटलेल्या गोष्टी

‘तुम्हाला रोजच्या कामांत काय अडचण येते?’ असे विचारले की उत्तर येते, ‘तशी काही नाही, चालतंय.’ माणूस अडचणीला वळसा घालून जगायला शिकतो आणि वळसा सवयीचा झाला की तो अडचण म्हणून आठवत नाही. म्हणून काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस क्रमाने सांगायला लावावा आणि मध्ये मध्ये बारकाव्यांत शिरावे. अंथरूण जमिनीवर होते की पलंगावर? उठताना कशाचा आधार घेतला? शौचालय भारतीय पद्धतीचे की कमोडचे, आणि स्वच्छता करताना हात पोहोचतो का? पायाची नखे कोण कापते? साडीच्या निऱ्या स्वतः घालता येतात का, की पायाशी काय चालले आहे ते दिसतच नाही म्हणून गाऊनवर दिवस काढावा लागतो? चपलेचा पट्टा वाकून लावता येत नाही म्हणून फक्त सरकवायच्या चपला घेतल्या जातात का? यांतला एकेक प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण लग्नाला न जाण्याचा निर्णय बहुतेक वेळा साडी आणि चपलेपाशीच झालेला असतो.

दिवस सांगून झाला की दुसरी यादी करावी, आणि मूल्यमापनातला सर्वांत मोलाचा कागद माझ्या मते हाच: पूर्वी करत होता आणि आता करत नाही अशा गोष्टी. प्रत्येक गोष्टीपुढे ती साधारण केव्हा सुटली, शेवटच्या वेळी काय घडले होते आणि ती परत हवी आहे का, हे तीन रकाने ठेवावेत. तिसरा रकाना विसरू नये. एखाद्याने ट्रेकिंग सोडले असेल आणि त्याला त्याची खंतही नसेल, तर ती आपली चिंता नव्हे.

उदाहरण म्हणून एका ताईंची गोष्ट सांगतो. पन्नाशीच्या आसपासचे वय, वजन ९८ किलो, उंची १५२ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय ४२ च्या थोडा वर. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. गुडघेदुखीसाठी म्हणून आल्या होत्या. सुटलेल्या गोष्टींच्या यादीत त्यांनी आधी बाजार सांगितला, मग जिना, आणि बऱ्याच वेळाने, पदर सारखा करत, भजनी मंडळ. वीस वर्षे त्या मंडळात पेटी वाजवत होत्या. दीड वर्षापासून गेलेल्या नव्हत्या. कारण विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘गुडघे हो. खाली बसवत नाही.’’ हे उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. ते पुरे कसे झाले ते पुढच्या पायऱ्यांत येईल.

पायरी ४ : प्रश्नावली

मुलाखतीतून मिळते ते खोल असते, पण त्याची तीन महिन्यांनी तुलना करता येत नाही. त्यासाठी प्रमाणित प्रश्नावली लागते. जागतिक आरोग्य संघटनेची ‘व्होडॅस २.०’ ही माझी पहिली निवड असते. तिच्या १२ आणि ३६ प्रश्नांच्या आवृत्त्या आहेत, मागच्या ३० दिवसांतील अडचण ‘अजिबात नाही’ पासून ‘अतिशय किंवा करताच येत नाही’ पर्यंत पाच पातळ्यांवर विचारली जाते आणि आकलन, वावर, स्वतःची निगा, माणसांशी जुळवून घेणे, घरातील व बाहेरील कामे आणि समाजातील सहभाग अशी सहा क्षेत्रे तिच्यात येतात. सण-समारंभांत किंवा धार्मिक कार्यक्रमांत इतरांसारखे सामील होता येते का, असा प्रश्न तिच्यात थेट आहे, आणि आपल्याकडे तो हमखास लागू पडतो. वजनाचाच परिणाम मोजायचा असेल, तर ‘आयडब्ल्यूक्यूओएल-लाइट’ या ३१ प्रश्नांच्या साधनात शारीरिक हालचाल, आत्मसन्मान, लैंगिक जीवन, चारचौघांतील संकोच आणि काम यांची वेगवेगळी गुणसंख्या मिळते. ते वापरण्याची रीतसर परवानगी घ्यावी लागते.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, इंग्रजी प्रश्नावली हातात धरून तिथल्या तिथे मराठीत भाषांतर करत विचारणे. प्रत्येक वेळी शब्द बदलतात आणि तुलना फुकट जाते. तपासलेली मराठी आवृत्ती घ्यावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तीच जशीच्या तशी वाचून दाखवावी. दुसरी चूक म्हणजे बार्थेल इंडेक्ससारख्या, मुळात जास्त परावलंबी रुग्णांसाठी केलेल्या मापावर थांबणे. त्यात जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशा दहा बाबी आहेत आणि त्या सगळ्या कशाबशा जमल्या की १०० पैकी १०० गुण मिळतात. भजनी मंडळ सोडलेल्या त्या ताईंना पूर्ण १०० गुण होते.

पायरी ५ : प्रत्यक्ष करताना पाहणे

‘येते’ आणि ‘करते’ यांत फरक आहे. खोलीत, आपल्या देखरेखीखाली, सपाट फरशीवर माणसाला जे जमते ती त्याची क्षमता; स्वतःच्या घरात आणि गल्लीत तो जे खरोखर करतो ते त्याचे प्रत्यक्ष वर्तन. आयसीएफमध्ये या दोन्हींची नोंद वेगळी ठेवली जाते आणि आपणही ती वेगळीच ठेवावी, कारण क्षमता चांगली आणि वर्तन कमी असेल तर अडथळा शरीराबाहेर आहे हे तिथेच कळते.

सहा मिनिटे चालण्याची चाचणी ३० मीटरच्या सरळ मार्गावर घ्यावी. वेग व्यक्तीने स्वतः ठरवायचा असतो, मध्ये थांबून विश्रांती घेतली तरी चालते, पण घड्याळ थांबवायचे नसते. गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका किंवा अस्थिर अंजायना (हृदयाच्या विकाराने विश्रांतीतही छातीत दुखणे) झालेला असेल तर ही चाचणी घेऊ नये; बसलेल्या स्थितीत नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, असह्य धाप, पाय लटपटणे, चेहरा पांढराफटक पडणे किंवा अचानक घाम फुटणे यांपैकी काहीही दिसले की लगेच थांबवावे. त्यानंतर हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते ते मोजावे.

या चाचण्यांच्या जोडीला जमिनीवर बसणे आणि उठणे मी नेहमी पाहतो, कारण आपल्या घरांतला, देवळांतला आणि कार्यक्रमांतला केवढा तरी व्यवहार आजही जमिनीवर होतो. सतरंजी अंथरावी, बाजूला भक्कम स्टूल ठेवावे, मदतीला दुसरा माणूस उभा करावा आणि ‘घरी जसं बसता तसं बसा’ एवढेच सांगावे. गुडघ्याचा तीव्र त्रास असेल किंवा अलीकडे पडण्याची घटना झाली असेल, तर हा भाग टाळावा. त्या ताई स्टूल धरून हळूहळू खाली बसल्या, बसताना फारसे दुखले नाही. उठताना आधी एका कुशीवर वळल्या, दोन्ही तळहात जमिनीला टेकले, गुडघ्यांवर आल्या, मग एक हात स्टुलावर आणि दुसरा मांडीवर दाबून वर आल्या. ४१ सेकंद लागले. उभ्या राहताच त्यांनी पटकन दोन्ही मांड्या जवळ घेतल्या आणि नजर खाली वळवली. दुसऱ्या पायरीतला प्रश्न मी तेव्हा पुन्हा विचारला आणि आता त्यांनी मान हलवली. बसणे नव्हे, तर उठणे कठीण होते. उठताना जोर लावला की लघवी सुटत होती. आणि भजनानंतर आरतीला सगळ्यांना एकदम उभे राहावे लागते.

पायरी ६ : घर, रस्ता आणि माणसे

शक्य असेल तर घरी जाऊन यावे. नसेल तर फोनवर काढलेले फोटो मागवावेत. जिन्याला कठडा आहे का आणि तो दोन्ही बाजूंना आहे का, पायऱ्यांची उंची सारखी आहे का, न्हाणीघरात बसायला काय आहे, शौचालयाचे दार पुरेसे उघडते का, हे पाहावे. बाहेर पडल्यावर रिक्षा, बस किंवा लोकल यांपैकी काय वापरावे लागते, एसटीची पहिली पायरी चढताना कशाला धरतात, रेल्वेचा पूल किती वेळा ओलांडावा लागतो आणि वाटेत बसायला कुठे जागा मिळते, याचीही नोंद घ्यावी. नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत खुर्ची, गणवेशाचा आकार, शौचालयाचे अंतर आणि सतत उभे राहण्याची सक्ती या गोष्टी विचाराव्यात.

माणसांचा भाग कागदावर उतरवायला सर्वांत कठीण, तरीही तो सोडू नये. आयसीएफमध्ये घरच्यांचा आणि समाजाचा दृष्टिकोन हे परिसराचेच घटक धरले आहेत, म्हणजे ‘लोक बघतात’ ही तक्रार जिन्याइतकीच नोंदवण्याजोगी बाब आहे. मंडळातल्या बायकांनी त्या ताईंना खुर्चीवर बसायला सुचवले होते का, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘सुचवलं ना. पण सगळ्या खाली आणि देवापुढे मी एकटीच वर? ते बरं दिसतं का?’’ त्यांच्यासाठी हा श्रद्धेचा आणि मर्यादेचा प्रश्न होता, त्यामुळे ‘खुर्ची वापरावी’ एवढा सल्ला लिहून तो सुटणार नव्हता.

पायरी ७ : अडथळा नेमका कुठे आहे

आता परत हव्या असलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर शरीर, क्षमता, परिसर, माणसे आणि स्वतःची भीती यांपैकी काय आड येते ते लिहावे. एकाहून अधिक कारणे असतील तर आधी कोणते हलवल्याने बाकीची सैल होतील याचा विचार करावा. अडचणीची तीव्रता आयसीएफच्या ० ते ४ या मापाने नोंदवता येते. ० म्हणजे अडचण नाही, १ सौम्य, २ मध्यम, ३ तीव्र आणि ४ पूर्ण. परिसरातल्या ज्या गोष्टी मदत करतात त्यांची नोंद अधिक चिन्हाने होते आणि तीही आवर्जून करावी. उचलून बाजाराची पिशवी वर आणून देणारा शेजारचा मुलगा हा त्या घरातला मोठा आधार असतो.

त्या ताईंच्या बाबतीत चित्र असे झाले. गुडघ्याचे दुखणे मध्यम. जमिनीवरून उठण्याची क्षमता तीव्र अडचणीची. जिना मध्यम अडचणीचा, कारण कठडा एकाच बाजूला. लघवीवरचा ताबा मध्यम अडचणीचा, पण भजनापुरता तोच निर्णायक. आणि खुर्चीविषयीचा संकोच. वजन उतरेपर्यंत थांबावे असे यांतले एकही कारण नव्हते.

पायरी ८ : क्रम आणि अहवाल

सगळे एकदम हाती घेऊ नये. परत हव्या असलेल्या गोष्टींपैकी जास्तीत जास्त पाच निवडाव्यात आणि कॅनडात तयार झालेल्या ‘सीओपीएम’ या साधनाच्या पद्धतीने प्रत्येकीला व्यक्तीकडूनच १ ते १० गुण घ्यावेत. ती गोष्ट किती महत्त्वाची आहे, सध्या किती जमते आणि त्याविषयी किती समाधान आहे, असे तीन आकडे मिळतात. ताईंनी भजनाला महत्त्व १०, जमणे २ आणि समाधान १ असे गुण दिले. वजन कमी करणे या यादीत त्यांनी घेतलेच नाही, आणि मी ते त्यांच्या वतीने घातले नाही. आहार आणि वैद्यकीय उपचारांचा मार्ग वेगळा चालूच होता.

अहवालात मोघम वाक्ये टाळावीत. ‘लठ्ठपणामुळे हालचाल मर्यादित’ असे लिहिण्याऐवजी ‘जमिनीवरून स्टुलाच्या आधाराने उठण्यास ४१ सेकंद लागतात, उठताना लघवी सुटते, या कारणाने दीड वर्षापासून भजनी मंडळात जाणे बंद, लघवीवर ताबा ठेवणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामासाठी तज्ज्ञांकडे पाठवावे’ असे लिहिले, तर पुढच्या माणसाला काय करायचे ते कळते. तीव्रता एका शब्दात सांगायची असेल, तर २००९ मध्ये मांडलेली ‘एडमंटन’ टप्प्यांची पद्धत उपयोगी पडते. तिच्यात ० ते ४ टप्पे ठरवताना आजारांबरोबर कार्यक्षमता आणि मनःस्थितीही पाहिली जाते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी विचारणा झाली, तर सरळ सांगावे की दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत लठ्ठपणा हा स्वतंत्र प्रकार नाही. सांध्यांमुळे किंवा अन्य कारणाने कायमचे अपंगत्व आले असेल, तर त्याची तपासणी त्या प्रकाराखाली होते.

पायरी ९ : पुन्हा मोजणे

साधारण तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली, तीच खुर्ची, तोच मार्ग आणि तेच पाच विषय घेऊन पुन्हा मोजावे. जुने गुण नवे गुण घेतल्यानंतरच दाखवावेत. सीओपीएममध्ये २ किंवा अधिक गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला जातो. फरक पडला नसेल तर व्यक्तीला दोष न देता सातव्या पायरीवर परत जावे, कारण बऱ्याचदा अडथळा ओळखण्यातच आपले चुकलेले असते.

त्या ताईंचे वजन तीन महिन्यांनी ९६ किलो होते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू होते, जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसला होता, आणि मंडळाने भिंतीशी एक बुटका, रुंद बाक ठेवला होता, ज्यावर त्यांच्याखेरीज आणखी दोघी वयस्कर बायकाही बसू लागल्या होत्या. पेटी समोरच्या चौरंगावर. भजनाचे जमण्याचे गुण २ वरून ७ झाले होते आणि समाधानाचे ६. बाजाराचे गुण मात्र जिथल्या तिथे, ३ वरच होते. त्या दिवशीचा उरलेला वेळ आम्ही बाजारापर्यंतच्या रस्त्यावर बसायला कुठे जागा आहे, हे कागदावर काढण्यात घालवला.